बॅकवॉटरसमोरचं घर: काच, लादी, लाकूडकाम कसं निवडावं?

पाणवठा
नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे तोंड असलेल्या एका प्रकल्पात आम्ही चार बेडरूमचा फ्लॅट घेतला आहे. दिवाणखाना, मोठी बेडरूम आणि त्यांना जोडणारी लांब बाल्कनी, तिन्ही पश्चिमेला, म्हणजे थेट पाण्यावर. ताबा मिळायला वेळ आहे, पण फिनिशचे पर्याय आत्ताच सांगायचे आहेत. लादी आणि खिडक्यांची ऑर्डर एकदा गेली की बदल करता येणार नाही म्हणतात.

सॅम्पल फ्लॅट फार देखणा केलाय. पांढरा इटालियन मार्बल, जमिनीपासून छतापर्यंत सरकत्या काचा, अक्रोडी रंगाचं व्हेनियर (प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), पांढरा क्वार्ट्झचा ओटा, सोनेरी हँडल, बाथरूममध्ये काळे नळ. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. स्वयंपाक दोन्ही वेळचा घरीच. सासूबाईंना देवघर नीट हवंय, तेही सागवानी. बजेट बरं आहे, पण सगळीकडे सढळ हात परवडणार नाही. कुठे खर्च करावा आणि कुठे थांबावं, अनुभवी लोकांनी सांगा.

चिरेबंदी
पाणवठाताई, अभिनंदन. मार्बलकडे नंतर येऊ. मला तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाटला तो ‘पश्चिमेला’.

नाशकात पश्चिमेकडून दोन गोष्टी येतात. मार्च ते मे तिसऱ्या प्रहरापासून सूर्य मावळेपर्यंतचं ऊन, आणि जून ते सप्टेंबर पावसाला घेऊन येणारा वारा. गावातल्या फ्लॅटला समोरची इमारत आडोसा देते. तुमच्यासमोर मोकळं पाणी आहे आणि त्याचेच तर पैसे मोजलेत. घराची जी बाजू सगळ्यात सुंदर, तीच सगळ्यात जास्त मार खाणार.

त्यात पाण्याचा स्वतःचा एक गुण. सूर्य खाली उतरला की किरणं पाण्यावर तिरपी पडतात, आणि जितकी तिरपी तितका जास्त उजेड पाणी परत फेकतं. म्हणजे ऊन समोरून येतं तसं खालूनही येतं, छज्जाच्या खालून आत शिरून थेट सिलिंगवर. आडवा छज्जा दक्षिणेच्या खिडकीला उत्तम, पण पश्चिमेच्या उतरत्या उन्हापुढे त्याचं काही चालत नाही. तिथे उभा आडोसा लागतो: बाल्कनीच्या कडेला सरकत्या लूव्हर्स (तिरप्या पट्ट्यांची झडप), बाहेरून खाली येणारे ब्लाइंड, नाहीतर सरळ बांबूच्या चिका. आतला पडदा डोळ्यांवरची तिरीप थांबवतो, पण उष्णता तोवर काच ओलांडून खोलीत आलेली असते. तिला बाहेरच अडवायला हवं.

म्हणून पैसे आधी काच आणि तिच्या चौकटीवर, मग बाहेरच्या सावलीवर, मग बाल्कनी-बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर. ही तिन्ही कामं राहायला गेल्यावर करणं जवळजवळ अशक्य. नळ, दिवे, हँडल कधीही बदलता येतात आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये डोळे नेमके त्यांच्यावरच खिळतात.

काचेबद्दल बिल्डरकडून लेखी घ्या. एकेरी साध्या काचेचा यू-व्हॅल्यू, म्हणजे काचेतून उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा, साधारण ५.८ असतो; जितका कमी तितकं बरं. दुहेरी काच, म्हणजे डीजीयू (६ मिमी काच, १२ मिमी पोकळी, पुन्हा ६ मिमी काच), तो २.८ च्या आसपास आणते. पण तुमच्या घराला त्याहून मोलाचा आकडा एसएचजीसी. सूर्याच्या उष्णतेतला किती वाटा आत येतो ते त्यावरून कळतं. साध्या काचेचा तो ०.८ च्या वर असतो. चांगल्या लो-ई सोलर कंट्रोल कोटिंगने (काचेवरचा उष्णता अडवणारा अतिशय पातळ थर) ०.३ पर्यंत खाली येतो. मात्र फार गडद काच घेऊ नका, पाणी वर्षभर ढगाळ दिसेल. नमुन्याचा तुकडा मागा आणि साइटवर जाऊन संध्याकाळी त्यातून पाणी बघा. ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली काच निवडण्यात अर्थ नाही.

आतली काच लॅमिनेटेड घ्या. तिच्या दोन काचांमधला पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर जवळपास सगळे अतिनील किरण अडवतो. व्हेनियर, सोफ्याचं कापड, पुस्तकं आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेली येवल्याची पैठणी असेल तर तीही, सगळ्यांचं आयुष्य वाढतं.

रामशेज
चिरेबंदी यांचं काचेबद्दलचं सगळं मान्य. पण मार्बलला एवढं मागे ढकलू नका. पांढऱ्या मार्बलवर पाण्याचा उजेड पडतो तेव्हा दिवाणखान्याला जी खोली येते, ती कुठल्याही छापील टाइलला येत नाही. टाइलमध्ये तीच नक्षी चार-पाच लाद्यांनंतर पुन्हा दिसते आणि एकदा दिसली की दिसतच राहते. दगड जिवंत वाटतो. शिवाय डाग पडला, ओरखडे आले तर पुन्हा घासून पॉलिश होतं. टाइलचा टवका उडाला की ती काढूनच टाकायची.

आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे दुपारी जमिनीवर चटई टाकून पडतात. तो गारवा फक्त दगडाचा. ताई, मनात असेल तर घ्या.

फोडणी
दिवाणखान्यात घेतला तर माझी हरकत नाही, पण स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या टेबलाखाली मार्बल नको गं. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम, ताक, काहीही आंबट सांडलं की पॉलिश तिथल्या तिथे उडतं आणि फिका चट्टा उरतो. तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. आपल्या स्वयंपाकात आंबट नसलेला दिवस कुठला? आणि आपण नाशिककर, घरात वाइनची बाटली उघडली जाते. तीही आम्लच.

पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्याचंही ऐक. क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन असतं. गॅसवरून उतरवलेली कढई किंवा तापलेला तवा थेट ठेवला की रेझिन करपतं आणि पिवळा गोल कायमचा उमटतो. खिडकीतून सतत ऊन येत असेल तरी ते पिवळं पडतं. हळद लगेच पुसली तर निघते, पण पाहुण्यांच्या गर्दीत लगेच कोण पुसतंय! काळा किंवा गडद ग्रॅनाइट लेदर फिनिशमध्ये, म्हणजे चामड्यासारखा किंचित खरखरीत, बिनचमकीचा घे. बोटांचे ठसे दिसत नाहीत, तवा ठेवता येतो, वर्षातून एकदा सीलर मारला की झालं. ओट्याच्या पुढच्या कडेला पाणी अडवणारी बारीक खाच करून घे, म्हणजे ओघळ साडीवर येत नाहीत. सॅम्पल फ्लॅटच्या ओट्यावर कधी कोणी कणीक मळलेली नसते, म्हणून त्यांना ती सुचत नाही.

आणि ओट्याची उंची रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपरावरून ठरव. कोपरापासून चार-पाच इंच खाली. बिल्डर सरसकट एकच उंची देतात.

ओपीडी
क्वार्ट्झचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. हा दगड कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका फार जास्त असते. ती श्वासातून गेली की फुप्फुसं कायमची निकामी होऊ लागतात. सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि बरं करणारं औषध नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. घरात राहणाऱ्याला बसवलेल्या ओट्यापासून धोका नाही. धोका आहे तो कटर घेऊन बसलेल्या पोराला. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच, प्रमाण कमी. मार्बलमध्ये खूपच कमी.

कुठलाही दगड असो, साइटवर कोरडा कापू देऊ नका. पाणी सोडून कापायला सांगा, तोंडाला रुमालाऐवजी नीट मास्क द्या. घर तुमचं आहे, तुम्ही सांगितलंत तर ऐकतात.

फोडणी
डॉक्टर, हे मला ठाऊक नव्हतं. लिहिलंत ते फार बरं झालं.

पाणवठा
सगळ्यांचे मनापासून आभार. ओट्याचा निर्णय झालाच म्हणायचा. पण लादीचं अजून ठरत नाहीये. रामशेज म्हणतात तो गारवा मला उन्हाळ्यात हवाय, पण डिसेंबर-जानेवारीत सासूबाईंचे गुडघे धरतात. आणि गुळगुळीत पॉलिशवर सासरे घसरतील ही भीती आहे ती वेगळीच. बाल्कनीला त्यांनी लाकडासारखं दिसणारं डेक दाखवलंय. ते कसं?

कोबा
घसरण्याची भीती अगदी योग्य. बांधकामातला माणूस म्हणून सांगतो, बाल्कनी आणि बाथरूममध्ये ‘मॅट आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. टाइलच्या खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये आर-१०, आर-११ असा घसरण रोखण्याचा दर्जा दिलेला असतो. बाथरूमला निदान आर-१०, पावसात भिजणाऱ्या बाल्कनीला आर-११ मागा. सासऱ्यांच्या बाथरूममध्ये पकडायचे दांडे लागतील, तर भिंतीत आत्ताच त्या जागी भक्कम आधार ठेवायला सांगा. टाइल लागल्यावर भोकं पाडत बसणं नको.

डेकबद्दल: डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या पट्ट्या पश्चिमेच्या उन्हात इतक्या तापतात की मे महिन्यात संध्याकाळीही अनवाणी पाय ठेववत नाही. खाली फट असते, तिथे पाला, माती, पावसाचं पाणी साचतं आणि जाळी तुंबली तरी वरून कळत नाही. मी तिथे खडबडीत दगडी फरशी किंवा जाड टाइल घालीन.

आता मुद्द्याचं. बाल्कनीची पातळी दिवाणखान्यापेक्षा किती खाली आहे ते नकाशात बघा. हल्ली आत-बाहेर एकसंध दिसावं म्हणून दोन्ही एका पातळीत ठेवतात. फोटोत सुरेख दिसतं. पण जुलैच्या वाऱ्यात पाऊस सरकत्या दाराच्या पट्टीत भरतो, पट्टीची छोटी भोकं तेवढं पाणी वाहून नेऊ शकत नाहीत आणि ते आतल्या लादीवर येतं. बाल्कनी निदान दोन-तीन इंच खाली हवी, ढाळ दारापासून बाहेरच्या बाजूला, आणि एवढ्या लांब बाल्कनीला पाणी जायला दोन तोंडं. एकात पिशवी अडकली तर दुसरं चालू राहतं.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर, लादी बसण्याआधी, पाणी भरून ठेवायची चाचणी होते. ती ४८ तास ठेवायला सांगा, स्वतः जाऊन बघा आणि खालच्या मजल्याचं छतही बघा. सांध्यांना बाथरूममध्ये इपॉक्सी ग्राउट. सिमेंटचा ग्राउट स्वस्त पडतो, पण पाणी पितो आणि काळा पडतो.

चिरेबंदी
लादीबद्दल माझं मत सांगतो, रामशेज यांनी राग मानू नये. मार्बल सुंदरच. पण तुमच्या घरात जमिनीवर समोरून आणि खालून उजेड येणार आहे. आरशासारख्या पॉलिशवर तो उजेड पडला की संध्याकाळी दोन तास खोलीत डोळे दिपतील आणि तुम्ही पडदे ओढाल. पाणी बघायला घर घ्यायचं आणि पाण्याच्या तिरीपेमुळे पडदा लावून बसायचं, हे मला पटत नाही. मार्बल घ्यायचाच तर होन्ड, म्हणजे बिनचमकीचा घ्या आणि शुभ्र पांढऱ्याऐवजी जरा उबदार बेज रंगाचा. घसरणही कमी, आम्लाचे चट्टेही कमी दिसतात.

बसवताना खाली पांढरं सिमेंट किंवा पांढरा अॅडहेसिव्हच वापरायला लावा. इटालियन स्लॅब १६ ते १८ मिमीची असते. फिक्या दगडाखाली करडं सिमेंट घातलं की त्याची झाक वर येते आणि मग ती कुठल्याही पॉलिशने जात नाही.

आणि एक मनापासूनची सूचना. आपण बसाल्टच्या मुलखात राहतो. काळाराम मंदिर त्याच काळ्या पाषाणात उभं आहे, सरकारवाड्याचं जोतंही. एवढा चिवट दगड दाराशी असताना आपण त्याला कुंपणाच्या भिंतीला आणि खडीलाच वापरतो. घट्ट पोताचा बसाल्ट, कापून फ्लेम्ड (ज्वाळेने भाजून खरबरीत केलेला) किंवा लेदर फिनिश करून बाल्कनीला घाला. ओला झाला तरी पाय धरतो. गडद असल्याने पाण्याची तिरीप परत फेकत नाही, त्यामुळे बाल्कनीतून आत येणारी चमकही कमी होते. उन्हात तापतो हे खरं, म्हणून वर सावली हवीच. ती तर तुम्हाला नाहीतरी करायची आहे.

सासूबाईंच्या खोलीत मात्र दगड नको. तिथे इंजिनिअर्ड वुड फ्लोअरिंग घाला. वरचा थर खऱ्या लाकडाचा, खाली प्लायचे आडवे-उभे थर, त्यामुळे पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात आकसणं आटोक्यात राहतं. स्वस्तातलं लॅमिनेट फ्लोअरिंग घेऊ नका. त्याच्या पोटात दाबलेला भुसा असतो आणि पुसताना सांध्यात पाणी गेलं की कडा उचलतात.

रामशेज
राग कसला. होन्ड फिनिश मलाही आवडतं. पण बसाल्ट लावणारा मिस्त्री नीट शोधा. दगडाची जाडी सारखी नसते आणि टाइल लावणाऱ्याच्या हातात दिला तर लेव्हल जाते. एका खाणीतला, एकाच वेळी काढलेला माल घ्या. दुसरी खेप वेगळ्या छटेची निघते.

गाळपेर
मी धरणाच्या त्या अंगालाच राहतो, आमची शेती आहे तिकडे. घराच्या आतलं तुम्ही जाणकार बोलताय, मी बाहेरचं सांगतो.

पाणी वर्षभर तुम्ही पाहिलंय तिथे राहत नाही. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा ते पायाशी वाटेल. मग शहराला, शेतीला, कधी खाली जायकवाडीला पाणी सुटत जातं आणि मेपर्यंत काठ लांब मागे सरकतो. उघड्या पडलेल्या गाळात लोक भाजीपाला, काकडी, टरबूज करतात. तेही बघायला छानच असतं, हिरवं-तपकिरी. पण सारखं निळंच पाणी दिसेल असं धरून भिंतींचे रंग निवडू नका. सॅम्पल फ्लॅटमध्ये पाण्याला साजेशा निळ्या भिंती केल्या असतील तर त्या एप्रिलमध्ये परक्या वाटतील. मातीचा, चुन्याचा रंग बारा महिने चालतो.

दुसरं, किडे. पहिल्या पावसानंतर दिव्यावर एवढे येतात की बाल्कनीत बसता येत नाही. बाहेरचा दिवा पांढरा ठेवू नका. पिवळा, मंद आणि खाली तोंड केलेला ठेवा, फरक पडतो.

तिसरं, पाखरं. थंडीत पाण्यावर बदकं, बगळे, पाणकावळे असतात. आरशासारखी चमकणारी काच लावली तर तिच्यात आकाश दिसतं आणि पाखरं येऊन आदळतात. तेवढं बघा.

पाणवठा
दादा, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही गेलो ते दसऱ्याच्या सुमारास, पाणी काठोकाठ होतं. निळ्या रंगाचा विचार खरंच चालू होता. आता येत्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा जाऊन बघतो.

सातबारा
एक वेगळा मुद्दा, पण फिनिशशी थेट जोडलेला. सॅम्पल फ्लॅटमध्ये काय दिसतं त्यावर विसंबू नका. करारनाम्याच्या परिशिष्टात स्पेसिफिकेशनची यादी असते. तिथे ‘उत्कृष्ट दर्जाची काच’, ‘नामांकित कंपनीचे नळ’ असं मोघम लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी नेमकं लिहून घ्या: काचेची जाडी, डीजीयू की एकेरी, लादीचा प्रकार आणि माप, प्लायचा दर्जा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे तुमच्या पूर्वसंमतीशिवाय ठरलेल्या स्पेसिफिकेशन आणि फिटिंगमध्ये बदल करता येत नाहीत. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवलात तर ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. गळतीचे फोटो तारखेसह ठेवा आणि तक्रार लेखीच करा.

याच कारणासाठी जे काम बिल्डर करून देतोय आणि जे तुम्ही बाहेरच्या ठेकेदाराकडून करणार, त्यांची सरमिसळ करू नका. बिल्डरचं वॉटरप्रूफिंग फोडून तुमच्या माणसाने नवी लादी घातली की उद्या गळतीसाठी दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

जलसंपदा खात्याचा ना-हरकत दाखला बघितला असेलच. नसेल तर आधी तो.

पाणवठा
दाखला वकिलांनी पाहिलाय. परिशिष्टात मात्र खरंच ‘प्रीमियम ग्लास’ एवढंच आहे. उद्याच फोन करते.

लाकूडकामाबद्दल कोणी सांगेल का? इंटिरियरवाले म्हणतात, पाण्याजवळ आहे म्हणून सगळीकडे मरीन प्लाय आणि सगळं हार्डवेअर ३१६ स्टीलचं लागेल. खर्च खूप वाढतोय.

सुतारपक्षी
ताई, यातलं अर्धं बरोबर आहे. ३१६ स्टील समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी असतं. मुंबईत, अलिबागला ते हवं. धरणाचं पाणी गोडं आहे, इथे ३०४ पुरतं. ते पैसे वाचवा आणि बिजागऱ्या-चॅनल चांगल्या घ्या, कारण रोज उघडझाप त्यांचीच.

प्लायचं असं: आयएस ७१० म्हणजे मरीन, तो ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही सुटत नाही अशी त्याची चाचणी असते. सिंकखालचं कपाट, बाथरूमचं व्हॅनिटी आणि पश्चिमेच्या खिडकीला लागून असलेलं सगळं काम त्यात करा. बाकी खोल्यांतल्या कपाटांना आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तग धरणारा प्लाय पुरे. शिक्का प्रत्येक शीटवर असतो, माल उतरताना स्वतः बघा. कापल्यावर शिक्का कुठला शोधणार? स्वयंपाकघरात एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) कुठेही नको, शटरलासुद्धा नको.

प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या राहिल्या की ओल तिथूनच शिरते. मागची बाजू, तळ, पाइपसाठी पाडलेलं भोक, जिथे कोणी बघत नाही तिथेही पट्टी किंवा निदान सीलर लागला पाहिजे. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे बोटभर हवा खेळू द्या. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत ओलावते आणि कपड्यांना वास येतो तो तिथून.

अक्रोडी व्हेनियर फार गोड दिसतं, पण उन्हात अक्रोड फिकट होत जातं. फोटोफ्रेम काढली की खाली गडद चौकोन दिसतो. खिडकीजवळ सागाचं व्हेनियर घ्या. सागाचा रंग वर्षागणिक मुरतो, बदलला तरी वाईट दिसत नाही. वर मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. चकचकीत पॉलिशवर पाण्याची तिरीप आणि बोटांचे ठसे दोन्ही येतात.

देवघराबद्दल शेवटी लिहितो, ते माझं आवडतं काम आहे.

तांबट
सोनेरी हँडलविषयी दोन शब्द. स्वस्त सोनेरी म्हणजे जस्तावर किंवा लोखंडावर मुलामा. हात लागून लागून कडा पांढऱ्या पडतात. सोनेरी रंग तसाच राहायला हवा असेल तर पीव्हीडी कोटिंग (निर्वात यंत्रात चढवलेला टणक थर) मागा. नाहीतर सरळ नक्कल सोडा आणि खरं पितळ घ्या, लॅकर न लावलेलं. ते काळवंडतं, चिंचेने घासलं की पुन्हा उजळतं, आणि नाही घासलं तरी जुन्या समईसारखं शोभतं. नाशिक तांब्या-पितळेचं गाव आहे. जुन्या नाशकात अजून हाताने काम करणारी माणसं आहेत. हँडल, देवघराची घंटा, दाराची कडी त्यांच्याकडून घडवून घेता येते. कॅटलॉगमधल्या सोनेरीपेक्षा वजनाला आणि हाताला ते वेगळंच लागतं.

काळे नळ घेण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण विचारा. बोअरचं जड पाणी असेल तर काळ्यावर पांढरे थर रोज दिसतील. ब्रश्ड स्टील किंवा निकेलवर ते लपतात.

कंदील
दिव्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. रात्री आत उजेड आणि बाहेर अंधार असला की एवढी मोठी काच काळा आरसा होते. पाणी, पलीकडचे दिवे, चांदणं काहीच दिसत नाही, आपणच दिसतो. सॅम्पल फ्लॅटच्या सिलिंगमध्ये काचेलगत ओळीने स्पॉट लाइट असतील, ते मुळीच घेऊ नका. दिवे खाली ठेवा: टेबल लॅम्प, सोफ्यामागचा उभा दिवा, कपाटाखालची पट्टी. सगळ्यांना डिमर. २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेड, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० च्या वर, म्हणजे लाकूड आणि माणसांचे चेहरे खरे दिसतात.

फॉल्स सिलिंग संपूर्ण खोलीभर करू नका. उंची जाते आणि काचेच्या डोक्यावर पट्टी येऊन आकाश कापलं जातं. एसीचा पाइप झाकण्यापुरती आतल्या भिंतीकडे पट्टी करा. चिरेबंदी यांनी सांगितलेला खालून येणारा उजेड सिलिंगवर पडणार, म्हणून सिलिंगचा रंग पूर्ण मॅट हवा. सॅटिन रंगावर तो उजेड पडला की पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

पाणवठा
काल बिल्डरशी बोलणं झालं. लो-ई डीजीयू आणि आत लॅमिनेटेड काच द्यायला ते तयार आहेत, फरकाची रक्कम आम्ही भरायची. त्यासाठी इटालियन मार्बल दिवाणखान्यापुरता ठेवला, होन्ड, बेज. बाकी खोल्यांना मॅट व्हिट्रिफाइड टाइल, सासू-सासऱ्यांना इंजिनिअर्ड वुड. बाल्कनी तीन इंच खाली आहे हे नकाशात पाहिलं. तिला बसाल्ट घालणार आहोत, पण ते काम बिल्डरच्याच माणसाकडून, सातबारा यांच्या सल्ल्याप्रमाणे. ओटा काळा, लेदर फिनिश. भिंतींना चुन्याच्या जवळचा रंग.

दोन शंका उरल्यात. सरकत्या मोठ्या दाराला जाळी कोणती? आणि सुतारपक्षी, देवघर?

कोबा
जाळी घडीची, म्हणजे प्लीटेड, घ्या. उघडली की कडेला गोळा होते आणि समोरचं दृश्य मोकळं राहतं. पण वाऱ्यात ती फडफडते, म्हणून तिची खालची पट्टी दाराच्या पट्टीतच बसेल अशी चौकटीबरोबर ऑर्डर करा. नंतर वरून बसवलेली जाळी पहिल्याच पावसाळ्यात सुटते. एका लांब पडद्याऐवजी दोन भागांत घ्या. आणि रेलिंगची काच लॅमिनेटेड टफन्ड असल्याची खात्री करा. नुसती टफन्ड फुटली की सगळीच खाली पडते.

सुतारपक्षी
देवघर पश्चिमेच्या काचेपासून लांब, आतल्या भिंतीला करा. वाऱ्यात निरांजन टिकत नाही. चौकट आणि खांब भरीव सागाचे घ्या, चंद्रपूर-बल्लारशाचा साग नीट वाळलेला मिळतो. ओलावा मापायचं यंत्र लावून १२ टक्क्यांच्या आत आहे का ते बघूनच माल घ्या. ओल्या लाकडाचं देवघर उन्हाळ्यात सांध्यांना उघडतं. तळाला लाकूड नको, काळ्या दगडाची एक अखंड पाटी बसवा. तेल सांडतं, अभिषेकाचं पाणी सांडतं, ती पुसून घेता येते. पाटीला मागच्या बाजूला बारीक ढाळ आणि कोपऱ्यात पाणी काढायला छोटं भोक.

समईच्या ज्योतीच्या वर निदान दोन फूट मोकळं राहील एवढी उंची ठेवा आणि वरच्या फळीला खालून पितळी पत्रा लावा, काजळी त्याच्यावर धरते आणि पुसता येते. आतून पीयू पॉलिश नको, ज्योतीच्या उष्णतेने ते पिवळं पडतं. जवसाचं तेल चोळा, वर मेणाचा एक हात. वर्षातून एकदा दिवाळीआधी पुन्हा चोळायचं. सासूबाई बसून पूजा करतात की उभ्याने, हे आधी विचारा. पाटीची उंची त्यावरच ठरेल.

पाणवठा
खुर्चीवर बसून करतात. उंची मोजून पाठवते.